थर्मोस्टॅट, थंडी आणि काळे हात

तर मंडळी, गेल्या जानेवारीत मी आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट घरच्या घरी बदलला. हे वाक्य वाचून नातेवाइकांपैकी निम्म्यांनी "कोणी? ह्याने?" असं म्हटलं असणार याची मला खात्री आहे. सायकलची उतरलेली चेन बसवायलासुद्धा मी शेजारच्या मुलाला हाक मारायचो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांचा काही दोष नाही. पण होय, मीच.

मात्र हा लेख पराक्रम सांगायला लिहिलेला नाही (थोडासा आहे, पण ते चालवून घ्या). मला एक मत मांडायचंय. "श्रमप्रतिष्ठा" हा शब्द मला हल्ली आवडेनासा झालाय. का, ते सांगायला थर्मोस्टॅटपासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही राहतो मिनेसोटात. इथल्या थंडीचं वर्णन करण्यात अर्थ नाही. महाबळेश्वरला हुडहुडी भरणाऱ्या माणसाला उणे २४ म्हणजे काय ते कळत नाही, मलाही इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. बायको पहाटे साडेपाचला गाडी काढून ४० किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात ड्यूटीला जाते. एक दिवस तिथून फोन आला, "अरे, हीटर नुसता फुंकतोय. गरम काही येत नाहीये. आणि काच आतून गोठतेय, मी हाताने खरवडत आले."

हे शेवटचं वाक्य ऐकून माझी झोप उडाली. हायवेवर १०० च्या वेगाने जाताना काच आतून गोठणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणंच. आणि गाडी वाटेत बंद पडली तर? उणे २४ मध्ये गार गाडीत मदतीची वाट बघत बसणं ही गंमत नाही.

संध्याकाळी गाडी मी चालवून पाहिली. तापमानाचा काटा एरवी बरोबर मध्यावर असतो, तो पाव भागाच्या वर जाईना. गावात सिग्नलला थांबलो की थोडा चढे, हायवेला लागलो की परत खाली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. कोड वाचायचं छोटं यंत्र होतं घरात, ते लावलं तर पी ०१२८ दिसलं. त्याचा अर्थ, इंजिनातलं पाणी जेवढ्या वेळात जेवढं तापायला हवं तेवढं तापत नाही. बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच गेलेला असतो. गॅरेजला फोन केला तर नऊ दिवसांनी या म्हणाले. थंडीमुळे सगळ्या गावाच्या बॅटऱ्या गेलेल्या, रांग लागलेली. खर्च ३४० डॉलर. ३४० चं ठीक, पण नऊ दिवस?

आता माझं शिक्षण सांगतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. थर्मोस्टॅट म्हणजे काय ते मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं आहे, पाच मार्कांना, आणि बहुधा पाचही मिळाले असतील. त्यानंतरची वीस वर्षं संगणकासमोर गेली. गाडीचं बॉनेट उघडलं ते फक्त काच धुण्याचं पाणी भरायला. आणि माझे वडील, आमचे अण्णा, यांचं साताऱ्याजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर तीसेक वर्षं गॅरेज होतं. ट्रकचं. शिक्षण नववी नापास.

हे दोन मुद्दे शेजारी शेजारी ठेवले की कोणालाही वाटेल, सोपं आहे, बापाला फोन करायचा. पण मला ते सुचायला दोन दिवस लागले. आधी मी व्हिडिओ पाहिले, लेख वाचले, एका कागदावर पायऱ्यासुद्धा लिहिल्या. अण्णांना विचारावं हे डोक्यातच आलं नाही. याचं कारण पुढे सांगतो.

शुक्रवारी रात्री नऊला, म्हणजे तिकडे शनिवारी सकाळी साडेआठला, नेहमीचा व्हिडिओ कॉल झाला. तब्येत, पाऊसपाणी, कोणाचं लग्न ठरलं वगैरे झाल्यावर मी सहज म्हणालो, "अण्णा, गाडीचा थर्मोस्टॅट गेलाय."

"उघडा राहिलाय का बंद?"

मला क्षणभर कळेना. मी म्हणालो, "हीटर गरम येत नाही."

"मग उघडा राहिलाय. बंद राहिला असता तर एव्हाना हेडचं पॅकिंग गेलं असतं. काटा गावात चढतो आणि हायवेला उतरतो ना?"

मी त्यांना काट्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"रेडिएटरला वारा लागल्यावर उतरणारच की रे!"

ज्यांनी बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात फिरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट हे एक दार असतं. इंजिन गार असताना दार बंद. पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, त्यामुळे लवकर तापतं. पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर आलं की दार उघडतं, पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन येतं. गाडीचा हीटरही ह्याच गरम पाण्यावर चालतो. दार उघडंच अडकलं तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि उणे २४ च्या वाऱ्यात ते काय तापणार, कपाळ! हीटर गार, इंजिन गार. इंजिन अजून गारच आहे असं समजून गाडीचा संगणक पेट्रोल जास्त सोडत राहतो. तेल पुरतं तापत नाही, त्यातला ओलावा उडून जात नाही, आणि आत काळा चिखल साठायला लागतो.

दार उघडतं कशाने? वीज नाही, संगणक नाही. एका पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, वितळताना फुगतं आणि एका दांडीला ढकलतं. गार झालं की आकसतं, आणि स्प्रिंग दार लावून टाकते. सर्जियस व्हर्ने नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही कोट्यवधी गाड्यांत आहे. मला तर हे फारच आवडलं. पाच मार्कांना लिहिलं तेव्हा का आवडलं नाही कोण जाणे.

अण्णांनी मग खंबाटकी घाटाची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकातली. तेव्हा बोगदा नव्हता. उन्हाळ्यात भरलेले ट्रक घाट चढून यायचे ते रेडिएटर उकळतच. ड्रायव्हर गॅरेजमध्ये शिरता शिरता ओरडायचे, "मिस्त्री, तो थर्मोस्टॅट वॉल काढून टाका!" आणि सगळे मेकॅनिक काढून टाकायचे. आपल्याकडच्या उन्हात वॉल नसला तरी कोणाचं काही अडत नाही, थंडीत हीटर लावायचा प्रश्नच नसतो.

"तुम्हीपण काढायचात?"

"मी काढायचो, पाण्यात उकळून बघायचो. उघडला तर परत बसवायचो."

"का?"

अण्णा जरा थांबले. मग म्हणाले, "अरे, दुखणं रेडिएटरचं असायचं. विहिरीचं जड पाणी ओतून ओतून आत खारट थर बसलेला, नळ्या चोंदलेल्या. त्याचं खापर वॉलवर का फोडायचं? आणि वॉल काढला की सकाळी इंजिन तासभर गार पळतं. गार इंजिन लायनर खातं. डिझेल जास्त पितं ते वेगळंच. मी इंजिनं खोलून बघितलीत ना, कुठल्याला वॉल होता नि कुठल्याला नव्हता ते लायनरवरनं सांगायचो मी."

मंडळी, मी हातातला चहा खाली ठेवला. गार इंजिन जास्त झिजतं हे मी तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात वाचलं होतं. अण्णांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी इंजिनं उघडली, झीज पाहिली, दोन गटांत वाटली, कारण शोधलं आणि आजूबाजूचे सगळे उलटं करत असताना आपला निष्कर्ष धरून ठेवला. मी ऑफिसात ह्याच कामाचे पैसे घेतो. माझ्या कामाला विश्लेषण म्हणतात. त्यांच्या कामाला "हात काळे करणं" म्हणायचे. म्हणायचे कशाला, आम्हीच म्हणायचो. तेसुद्धा! "तू शीक, तुझे हात काळे व्हायला नकोत," हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलंय. मी इतका आज्ञाधारक निघालो की त्यांना कधी काही विचारलंच नाही. "का?" हा प्रश्न मी माझ्या बापाला त्याच्या कामाबद्दल वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विचारला. फोन करायचं दोन दिवस का सुचलं नाही, त्याचं कारण हे.

असो. शनिवारचं सांगतो.

सकाळी आठला सुरुवात केली. आमच्या गॅरेजला हीटर नाही, आत उणे ११ होतं. अण्णांचा पहिला हुकूम, "नवा आहे म्हणून विश्वास ठेवू नकोस. पाण्यात टाकून बघ." एका भांड्यात पाणी घेतलं (चहाचं भांडं घेतलं होतं, ते बायकोने काढून घेतलं), दोऱ्याने थर्मोस्टॅट आत लोंबकळत ठेवला, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. ८० च्या थोडं पुढे गेल्यावर दार हळूहळू उघडायला लागलं. आमची आठ वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, तो जांभई देतोय!"

मग खरं काम. इंजिन रात्रभर गार झालेलं होतंच. (गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली पाणी असतं, उसळून तोंडावर येतं.) रेडिएटरच्या खालचा नळ सोडून कूलंट परातीसारख्या एका पसरट भांड्यात काढलं. खालची जाड पाइप इंजिनाला जिथे मिळते तिथे एक छोटं झाकण, त्याच्या आत थर्मोस्टॅट. व्हिडिओत हे दीड मिनिटात होतं. माझा पाइप सोडवण्यातच पाऊण तास गेला, कारण थंडीत रबर लाकडासारखं झालेलं. पक्कड लावून ओढलं, पिळलं, शिव्या दिल्या. अण्णा पडद्यावरून बघत होते. म्हणाले, "ओढू नकोस, फाटेल. गरम पाण्याचं फडकं गुंडाळ आणि दोन मिनिटं गप्प बस." दोन मिनिटांनी पाइप हाताने फिरली.

हातमोजे घातले की नट धरता येत नाही, काढले की पाना बोटांना चिकटल्यासारखा होतो. एक नट खाली पडला तो शोधायला वीस मिनिटं. शेजारचे आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते. ते दारात थांबले, काही न बोलता घरी गेले आणि एक हुकाचा दिवा आणून बॉनेटला अडकवून गेले. नट दिसला.

जुना थर्मोस्टॅट बाहेर आला तेव्हा मी तो कॅमेऱ्यासमोर धरला. उणे ११ मध्ये, इतका गार असताना, दार नखभर उघडं. "बघ," अण्णा म्हणाले. एवढंच. पण आवाजात काय खुशी होती!

नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवायची हे कागदावर लिहिलेलं होतं, तेवढं मी बरोबर केलं. अण्णा म्हणाले, "ते बारीक भोक वर ठेव."

"का?"

"हवा निघायला. हवा वर जाते, भोक खाली ठेवलंस तर कुठनं निघणार?"

माझ्या कागदावर हे नव्हतं.

कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं भरलं. इथे एक गंमत. जास्त कूलंट म्हणजे जास्त संरक्षण असं मला वाटायचं. तसं नाही. नुसतं इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं तर तेच मिश्रण उणे ३५ च्याही खाली टिकतं. आणि ते चवीला गोड पण विषारी, म्हणून सांडलेलं लगेच पुसलं. जुनं डब्यात भरून नंतर काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात दिलं.

गाडी चालू केली, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून. थंडी आत येते म्हणून दार लावायचा मोह होतो, पण बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही, माणूस झोपतो तो उठत नाही. हीटर फुल्ल केला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काटा मध्यावर आला... आणि हीटर गार! त्या क्षणी मला सगळं सोडून ३४० डॉलर द्यावेसे वाटले. बायको दारात उभी होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. अण्णांना झोपा म्हणून मी मघाशीच फोन ठेवला होता. एक मेसेज टाकला. दुसऱ्या सेकंदाला फोन. "मी जागाच आहे. हवा अडकलीय. इंजिन बंद करून थंड होऊ दे. मग गाडीचं नाक वर कर."

आमच्या गॅरेजकडे येणाऱ्या रस्त्याला चढ आहे. तासाभराने गाडी मागे घेऊन चढावर उभी केली, नाक गॅरेजकडे, म्हणजे वर. झाकण उघडून पाहिलं तर पातळी चांगली खाली गेलेली. कूलंट भरलं आणि झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली. बुडबुडे यायला लागले. मी ओतत राहिलो. शेवटी एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज आला, पातळी झपकन खाली गेली, परत भरली, झाकण लावलं. लेक आत बसली होती, ती ओरडली, "गरम! गरम!"

हिशोब सांगतो. थर्मोस्टॅट, कूलंट आणि एक पाना मिळून ६० डॉलर. वेळ सहा तास. माझ्या तासाच्या पगाराने धरलं तर मी तोट्यात आहे. तेव्हा "स्वतः करा, पैसे वाचवा" असं माझं म्हणणं नाही. कृपया तसा निष्कर्ष काढून कोणी ब्रेक उघडू नका.

अमेरिकेतून परत गेलेले आपले लोक तिकडे जाऊन भाषण देतात की बघा, तिथे प्रोफेसरसुद्धा स्वतःचं गवत कापतो, याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा. मीही दिलंय हे भाषण, मामांच्या साठीला, काहींना आठवत असेल. ते अर्धवट खरं आहे. इथे माणूस गवत कापतो कारण कापून घेणं महाग आहे. आपल्याकडे कापत नाही कारण दुसऱ्याचे हात स्वस्त आहेत. इथे प्रतिष्ठा जास्त नि तिथे कमी, एवढं सोपं ते नाही.

माझी खरी तक्रार त्या शब्दाबद्दलच आहे. श्रमप्रतिष्ठा म्हणताना आपण घामाला हार घालतो. मेकॅनिक किती कष्ट करतो, गवंडी उन्हात कसा राबतो, असं कौतुकाने म्हणतो. आणि तसं म्हणताना न बोलता एक गोष्ट गृहीत धरतो की ह्या कामात कष्टच आहेत, डोकं नाही. डोकं आपल्याकडे. मला वाटतं, अण्णांना कष्टाचं कौतुक नकोच होतं, ते त्यांना पुष्कळांनी केलं. वॉल परत का बसवता, असं तीस वर्षांत एकाने तरी विचारायला हवं होतं. ड्रायव्हर विचारत नव्हते, त्यांना घाई होती. मालक विचारत नव्हते. घरात इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा होता, त्याची परीक्षा होती.

यावर कोणी म्हणेल, सगळेच मेकॅनिक काही अण्णा नसतात, सगळे वॉल काढूनच टाकत होते ना? खरं आहे. सगळे इंजिनिअरही विचार करत नाहीत, हे मी रोज ऑफिसात बघतो. पण आपल्याकडे इंजिनिअर विचार करतो असं धरून चालतात, आणि मेकॅनिकला ते आधी सिद्ध करावं लागतं. सिद्ध करायला कोणी विचारतच नाही.

म्हणून एवढंच म्हणायचंय. आपल्या प्रत्येकाच्या घरात, निदान ओळखीत, असं एक माणूस आहे. कोणी आजी असेल, कोणी फिटर काका, कोणी शिवणकाम करणारी आत्या. त्यांचं कौतुक करू नका. त्यांना "का?" विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. आणि हो, हातात काहीतरी काम घेऊन विचारा. नुसतं विचारलं तर ते "काय असतं त्यात" म्हणतात. मी पाइप धरून उभा होतो म्हणून अण्णा बोलले.

त्या रात्री फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "हात दाखव." दाखवले. नखांपर्यंत काळे. म्हणाले, "साबणाने जाणार नाही. गोडं तेल आणि साखर घे, चोळ." आणि मग जरा वेळाने, "तुला तेव्हा गॅरेजात येऊ द्यायला हवं होतं मी. कधी कधी." मी म्हणालो, "मला यायचं नव्हतं, अण्णा." दोन्ही खरं होतं.

तेल-साखरेने खरंच जातं, करून बघा. बायकोची काच आता आतून गोठत नाही. आणि रविवारच्या फोनला तब्येत-पाऊसपाणी झालं की मी वही घेऊन बसतो. क्लच प्लेट झाली, इंजेक्टर चालू आहे. अण्णा सांगता सांगता मधेच थांबून विचारतात, "लिहितोयस का नुसतं हूं हूं करतोयस?" लिहितोय अण्णा, लिहितोय.